डब्यात उरलेले बिल्ले

बाई,

पाळकसाहेबांनी सांगितलं, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या. मंडळीचा चिटणीस मी, तेव्हा लिहायचं काम माझ्याकडेच येणार. एका पानावर तुमचा जन्म, शिक्षण, शाळेतली नोकरी, रविवारच्या शाळेतली सेवा, सगळं ओळीनं लिहून दिलं. ते तुमच्या फोटोखाली येईल. अक्षर बरं आलंय, तुम्ही नावं ठेवली नसती. हे दुसरं पान मात्र फोटोखाली शोभायचं नाही. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. छापलं नाही तरी येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी ते देवळात उभा राहून वाचणार आहे.

तुम्हाला मातीआड करून आज बारा दिवस झाले. त्या दिवशी सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मीही टाकली, उजव्या हातानं. डावा हात खिशात होता आणि त्या मुठीत तुमचा बिल्ला होता. घरून ठरवून निघालो होतो की मातीबरोबर तो हळूच तुमच्या पेटीवर सोडायचा. कुणाला कळलं नसतं, आणि मी सुटलो असतो. पण तुमची अट आठवली. हात खिशातून निघाला नाही.

हे वाचणाऱ्यांत तुमचे शाळेतले विद्यार्थी असतील, बहुतेक बौद्ध घरांतले, मराठा घरांतले. त्यांना हा बिल्ला म्हणजे काय ते ठाऊक नसणार. आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन होतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. त्याच्या आदल्या आठवड्यात मंडळीच्या कारभारातला एक जण, ज्याला आपण वडील म्हणतो, घरोघर जातो, विचारपूस करतो, प्रार्थना करतो आणि प्रत्येकाच्या हातावर शिशाचा एक बिल्ला ठेवतो. मिशनऱ्यांच्या काळचे बिल्ले, वरची अक्षरं झिजून गेलेली. रविवारी तो ताटलीत टाकायचा आणि मेजाशी जायचं. ज्याच्याबद्दल काही वाईट बोललं जात असेल त्याला ते मिटेपर्यंत बिल्ला मिळत नाही. बाकीच्या मंडळ्यांनी ही चाल कधीच सोडली. आपण धरून ठेवली. पत्र्याचा डबा घेऊन घरोघर जाणारा वडील गेली अकरा वर्षं मीच आहे.

त्यातली शेवटची तीन वर्षं, सगळीकडे वाटून झालं की डब्यात दोन बिल्ले उरायचे. एक कमलबाईचा, एक तुमचा.

कमलबाई देवळामागच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यापासून देऊळ तीच झाडायची, आणि प्रभुभोजनाची भाकर तिच्याच हातची असायची. गव्हाची, बिनमिठाची, जाड. तव्यावर टाकण्याआधी ती सुरीच्या टोकानं वर एक मोठी फुली ओढायची, म्हणजे पाळकसाहेबांना मोडायला सोपं जावं. लहानपणापासून आम्ही ती फुली बघत आलो. ती देवाची खूण आहे असं मला चौथीपर्यंत वाटायचं. तुम्हीच हसून सांगितलं होतं, "अरे, ती मोडायची सोय आहे."

आता ते सांगतो जे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही.

माझी एकुलती लेक करुणा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शहागडला तिचं जमवलं होतं. घर चांगलं, दोन ट्रक, मुलगा निर्व्यसनी. साखरपुडा झाला आणि पंधरा दिवसांत घरात फुल्या दिसायला लागल्या. आधी तिच्या ओढणीवर, मग साखरपुड्याच्या साडीवर. बिब्ब्याच्या काळ्या फुल्या, धुवून न जाणाऱ्या. मग तिच्या हातावर फुलीसारखे फोड आले. मग ती बसल्या जागी घुमायला लागली. आपल्या भागात याला काय म्हणतात ते सांगायला नको. भानामती.

माझ्या आईनं ती साडी उजेडात धरून बघितली. म्हणाली, "प्रभा, ही फुली मी वळखते. भाकरीवर असती तशीच हाय बघ. कुणाच्या हातची असती ती?"

"आई, आपण विश्वासी लोक. आपण भानामती मानत न्हाई."

"मी कुठं मानते? मी फकस्त फुली वळखून राह्यले."

आईनं हे माझ्याशीच बोलून सोडलं असतं तर बरं होतं. पुढच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेबांनी भाकर मोडली, सगळ्यांनी घेतली, मान खाली घातली. दुपारी कमलबाई देऊळ झाडायला गेली तर सतरंज्यांखाली, खिडकीच्या कडेला, गीतांच्या पुस्तकांत तिच्या भाकरीचे तुकडे. तिनं ते पदरात गोळा केले आणि तुमच्या ओट्यावर आणून ओतले. तुम्ही मला नंतर सांगितलंत ती काय म्हणाली ते. "बाई, मीठ मी कधीच घालत न्हाई. ह्या वक्ताला एवढी कडू का लागली?"

त्या आठवड्यात वडिलांची सभा झाली. पाच वडील, त्यात तुम्ही एकट्या बाई. कमलबाई बाहेर पायरीवर बसलेली. दीड तासाच्या सभेत भानामती हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही. मंडळीची शांती, असं सगळे म्हणत होते. मंडळीच्या शांतीसाठी यापुढं बेकरीचा पाव आणावा. मंडळीच्या शांतीसाठी कमलबाईनं ती खोली काही दिवस सोडावी. बिल्लाही तूर्त देऊ नये.

तुम्ही म्हणालात, "तिला आत बोलवा. जे बोलायचं ते तिच्या तोंडावर बोला."

कुणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं.

"मंग माझा विरोध लिहून घे, प्रभाकर."

मी वहीत बघत राहिलो. मग लिहिलं, आणि ते अजून तसंच आहे: कमलबाई यांनी स्वखुशीने सेवेतून व प्रभुभोजनातून काही काळ दूर राहण्याची इच्छा दर्शवली. सर्वानुमते मान्य.

तुम्ही वही ओढून वाचलीत. चष्मा काढलात. मला वाटलं, आता रागवतील. तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलंत. चौथीत शुद्धलेखन चुकलं की तुम्ही असंच नुसतं बघायच्या, आणि आम्ही आपोआप खोडरबर शोधायचो. त्या दिवशी मी पेनाचं टोपण लावलं.

पुढच्या महिन्यात स्त्रियांच्या सभेत बोलायला तुम्ही विषय निवडलात: युरोपातले चेटकिणींचे खटले आणि त्यात मंडळीचा हात. पाळकसाहेबांना घाम फुटला. मला तुमच्याकडं पाठवलं, समजूत घालायला. मी मोबाइलवर थोडंफार वाचून तयारीनं आलो होतो. तुम्ही ओट्यावर तूर निवडत होता.

मी म्हणालो, "बाई, चर्चनं कुणाला जाळलं न्हाई. खटले बहुतेक सरकारी न्यायालयांत झाले, शिक्षा सरकारनं दिली. मंडळीवर उगं आळ येतो."

"बराबर. पुष्कळ ठिकाणी तसंच झालं." समोरच्याचं खरं असेल तेवढं तुम्ही आधी मान्य करायच्या. "आता सांग, सरकारकडं नाव कुणी नेलं?"



मग तुम्ही मला स्कॉटलंडचं सांगितलंत. ज्या देशातून आपल्याकडं मिशनरी आले, हा बिल्ल्यांचा डबा आला, वडिलांच्या सभेची पद्धत आली, तिथलं. तिथं मंडळीतल्या वडिलांनीच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. कुणाची गाय आटली, कुणाचं लेकरू गेलं, त्याआधी कोण दारात आल्तं. संशय आलेल्या बाईला बसवून ठेवलं, तिला झोप लागू नये म्हणून पाळीपाळीनं पहारा दिला, आणि ती कबूल झाली की कागद वर पाठवला. "राक्षस नव्हते ते," तुम्ही म्हणालात. "तुझ्यासारखेच. शेतीभाती करणारे, दुकान चालवणारे, प्रार्थना चुकवत नसणारे. त्यांच्या वह्या अजून आहेत. तू जाळणारा शोधून राह्यला, प्रभाकर. मी लिहिणारा शोधून राह्यले."

मला ते लागलं. मी म्हणालो, "मोशेच्या नियमशास्त्रातच आहे की, चेटकिणीला जिवंत ठेवू नको. ते लोक वचन पाळत होते, त्यांच्या समजुतीनं."

"नियमशास्त्रात शब्बाथाला, विसाव्याच्या दिवशी, सरपण गोळा करणाऱ्यालाही मरण आहे. तुझ्या आईनं रविवारी काड्या वेचल्या तर तू दगड उचलशील का? बाकीच्या ओळी सोडून तेवढीच एक ओळ का उचलली, ते विचार. बायकांवर चालती म्हणून."

तूर निवडणं चालूच होतं तुमचं. मग हात थांबला.

"आणि त्या व्यभिचाराच्या आळानं धरून आणलेल्या बाईची गोष्ट. लोक दगड घेऊन उभे, आणि प्रभू खाली वाकून धुळीत लिहीत होता. काय लिहीत होता ते कुणाला ठाऊक न्हाई. पण तिच्या बाजूला वाकून लिहीत होता. तू कुठं बसून लिहिलं?"

मी भांडायला लागलो. म्हणालो, मंडळी म्हणजे काय फक्त तेवढंच का? विरोध करणारेही मंडळीतलेच होते. आणि मंडळी नसती तर माझ्या आज्याच्या हाती पाटी आली नसती, मी आज कुणाच्या तरी बांधावर असतो. हे मी आजही म्हणतो, बाई. यावर आपलं मिटलेलं नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "म्हणूनच तर. एवढ्या कष्टानं हाती आलेलं अक्षर जपून वापर."

आणि मग त्या पाद्र्याचं सांगितलंत, जर्मनीकडच्या. जाळायला नेल्या जाणाऱ्या बायकांचा शेवटचा कबुलीजबाब ऐकणं हे त्याचं काम. ऐकता ऐकता त्याची खात्री पटली की यातली एकही दोषी नाही, मारापायी कुणीही काहीही कबूल करतं. त्यानं पुस्तक लिहिलं आणि नाव न घालता बाहेर काढलं.

"नाव का न्हाई घातलं?" मी विचारलं. मला वाटलं, सापडलं काहीतरी.

"भ्याला असंल. तरी लिहिलं. भीती बाजूला बसलेली असतानाही लिहिता येतं, प्रभाकर. ती उठून जायची वाट बघावी लागत न्हाई."

मी उठून गेलो.

त्याच आठवड्यात करुणा तुमच्याकडं गीतांचं पुस्तक परत करायला आली. तुम्ही तिचा हात हातात घेतला आणि नखं बघितली. शाळेत रोज सकाळी आमची बघायच्या तशीच. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळं होतं. बिब्ब्याचं तेल. साबणानं जात नाही ते, नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जातं. तुम्ही तिला, हे काय केलं, असं विचारलं नाही. विचारलं, "कुठं जायचंय तुला?"

ती म्हणाली, "जालन्याला. नर्सिंगला."

एवढंच होतं, बाई. माझ्या घरात कुणी तिला हे विचारलं नव्हतं. मीही नाही. ओढणीवर, साडीवर, स्वतःच्या कातडीवर फुल्या काढून ती आम्हाला सांगत होती आणि आम्ही पायरीवरच्या बाईकडं बघत होतो.

तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि नखाचं सांगितलंत. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "पोरीचं नाव मी कुठंच काढणार न्हाई, तिला तसा शब्द दिलाय. लेकराला कोंडलं की ते सापडेल त्या फटीतून निघतं. पण कमलबाईला वहीतून मोकळी कर. पुढच्या सभेत. कारण काहीही दे, पण स्वखुशीने हा शब्द काढ."

मी हो म्हणालो.

"आणि तोवर माझाही बिल्ला डब्यात राहू दे. तिला देशील त्या दिवशी मला दे. आधी न्हाई."

शहागडच्यांनी आपणहून नकार कळवला. करुणा जालन्याला गेली, शिकली, नोकरीला लागली. माझं सगळं सुरळीत झालं. कमलबाई आष्टीच्या रस्त्याला पत्र्याच्या खोलीत गेली, खुरपायला, कापूस वेचायला जायला लागली. आणि मी पुढच्या सभेत बोललो नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. स्वखुशीने हा शब्द काढायचा तर तो कसा घातला ते सांगावं लागणार. मग कुणीतरी विचारणार, फुल्या कुणी काढल्या? मग करुणा. मग तिची नोकरी, तिचं पुढं जमायचं, आईचं तोंड. कुठूनही निघालो तरी माझ्याच घराच्या दारात येऊन थांबायचो. भानामतीच्या नावानं कुणाला छळलं तर कायदा आहे, ठाणं आहे. तुम्ही जाऊ शकला असता. पण तुम्ही करुणाला शब्द दिला होता, आणि त्या शब्दाच्या आडोशाला मी तीन वर्षं आरामात बसलो. तुमच्या चांगुलपणाला मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

दर तीन महिन्यांनी मी डबा घेऊन तुमच्या ओट्यावर यायचो.

"दोन्ही आणले का?"

"न्हाई, बाई."

"मंग चहा घे."

एवढंच. एकदाही आवाज चढवला नाही. तुम्ही चिडला असता तर मला चिडता आलं असतं. तुम्ही आल्याचा चहा द्यायच्या, करुणाची चौकशी करायच्या, तिला द्यायला लोणचं बांधून द्यायच्या. रविवारी पहिल्या ओळीत बसायच्या आणि मेजाकडं जायच्या नाहीत. नवे लोक समजायचे, बाईंचं पाळकसाहेबांशी काही बिनसलंय. मी ते दुरुस्त केलं नाही.

मग जालन्याचा दवाखाना. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले, मी पायथ्याशी उभा. तुम्ही नको म्हणून मान हलवलीत. आवाज अगदी गेला होता. "माझा बिल्ला प्रभाकरकडं आहे."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आजारी माणसाला बिल्ला लागत नाही."

"मला लागतो."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, पाणी भरून आणतो. बाटली घेतली, भरली आणि जिन्यात उभा राहिलो, भेटायची वेळ संपेपर्यंत. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. पाणी भरून आणतो. आणलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

माती झाल्यावर वडिलांपैकी एक जण मला म्हणाला, "चला, बाईंबरोबर तो विषयही मिटला." खरं सांगतो, क्षणभर मला हलकं वाटलं. हे लिहिणं मला सगळ्यांत जड जातंय.

करुणा मातीला आली होती. घरी आल्यावर बॅग भरता भरता म्हणाली, "पप्पा, बाई गेल्या. आता तुम्ही कुणाला वाचवून राह्यले?"

"तुला."

"मला कधी विचारलं?"

तिनं बॅग बाजूला सारली. ती म्हणाली, "फुल्या मी काढल्या, हे लिहा. माझं नाव घालून लिहा. दवाखान्यात रोज अशा पोरी आणतात, घुमणाऱ्या. मी त्यांचे हात धुते तेव्हा मला माझे दिसतात. पण मी कमलमावशीचं नाव घेतलं नव्हतं, हेही लिहा. ते आजीनं घेतलं आणि तुम्ही वहीत घातलं."

आतून आई म्हणाली, "बायकाच्या जातीला बोल लावून मोकळे व्हा सगळे." मी जाऊन तिच्याशेजारी बसलो. सांगितलं सगळं, बिब्बा, नख, नर्सिंग. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "असंल. पोरीनंच काढल्या असतील. पण पोरीच्या हातानं कुणी काढून घेतल्या?"

यावर काय बोलावं, बाई? तुम्हाला सुचलं असतं.  ती माझी आई आहे, तिला रात्रीचं औषध मीच देतो.

परवा डबा घेऊन कमलबाईकडं गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होती. मी बिल्ला पुढं केला. तिनं हात लावला नाही.

"बाईचा दिला?"

"बाई गेल्या, कमलबाई."

"ते म्हाईत हाय मला. मातीला आल्ते मी. लांब व्हते, बाभळीपाशी. बाईचा दिला का, हे इचारते."

"न्हाई."

"मंग मला एकलीला कशाला?" सूप बाजूला ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "वहीत काय लिवलंय माझं?"

मला ती ओळ पाठ आहे. म्हणून दाखवली.

ती हसली. "माझ्या खुशीनं? पायरीवर बसल्ते मी, भाऊ. उन्हात. आतमधी तुमचा चहा झाला, कपाचा आवाज आल्ता मला. कुणी पाणी इचारलं न्हाई. ती माझी खुशी व्हय?" मग म्हणाली, "ठिवा ते डब्यात. जे लिवलं ते सगळ्यायसमोर वाचा. मी दारापाशी उभी राहीन, ऐकीन, मंग ठरवीन."

"येशाल ना मेजाशी?"

"ठरवीन म्हणलं ना. तीन साल तुम्ही ठरवलं."

मी उठलो तर म्हणाली, "भाकर खाता का?" टोपलीतली ज्वारीची भाकर, वर शेंगदाण्याची चटणी. मी चतकोर घेतली, घास तोंडात घातला. ती बघत होती.

"गिळा. मी बघून राह्यले."

बाई, मला भीती वाटली. हे फक्त तुम्हाला सांगायचं होतं, पण आता सगळ्यांना सांगतो. फुल्या कुणी काढल्या हे तीन वर्षांपासून ठाऊक असलेला मी, तो घास तोंडात घेऊन बसलो होतो आणि गिळता येत नव्हता. लेकीसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. ते अर्धंच होतं. आत कुठंतरी मलाही ते भानामतीचं खरं वाटत होतं. त्या स्कॉटलंडच्या वडिलांना वाटलं असेल तसंच. आपण ते लोक नव्हेत, हे मी तुमच्या ओट्यावर किती जोरात बोललो होतो.

गिळला. चतकोर सगळी खाल्ली. तिनं पाणी दिलं.

वहीचं पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मंजूर झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही. दुरुस्ती जोडायची तर वडिलांची संमती लागेल, आणि उरलेल्यांपैकी कुणी तयार दिसत नाही. म्हणजे ती ओळ तिथंच राहणार, माझ्या चांगल्या अक्षरात, आणि मी मेल्यावरही कुणीतरी वही उघडून ती वाचील. म्हणून दुरुस्ती इथं लिहितो. कमलबाई यांनी स्वखुशीने काहीही केलं नाही. त्यांना आत बोलावलंच नाही. सर्वानुमते हे खोटं आहे. बाईंनी विरोध केला होता, तो लिहून घे म्हणाल्या होत्या, मी लिहिला नाही. फुल्या माझ्या मुलीनं, करुणानं काढल्या होत्या, कारण आम्ही तिला कोंडलं होतं. लिहिणार प्रभाकर, चिटणीस. त्या पाद्र्यानं नाव घातलं नाही. मी घातलंय. भीती शेजारी बसलेली आहे.

उद्यापासून घरोघर जाईन, हे शेवटचं. मग डबा पाळकसाहेबांकडं देणार आहे. झाकण लावायच्या आधी त्यांना आतले बिल्ले दाखवीन. ह्या वेळी तीन उरतील. कमलबाईचा, तुमचा आणि माझा.